कृत्रिम क्षितिज गोठते तेव्हा

रात्री, ढगांत किंवा काळोख्या समुद्रावर वैमानिकाला क्षितिज दिसत नाही आणि शरीराची जाणीवही भरवशाची राहत नाही. तोल सांभाळणारा कानातला द्रव लांबलेल्या वळणाला सरावतो, त्यामुळे विमान कललेले असतानाही ते सरळ उडत असल्यासारखे वाटते. मग कृत्रिम क्षितिज, वेगमापक आणि उंचीमापक सांगतील तेच खरे मानावे लागते.

यातले एखादे उपकरण सपशेल बंद पडले, तर ते निदान कळते. पटण्याजोगी पण चुकीची माहिती देणारे उपकरण जास्त घातक असते. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघाले आणि काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातले सर्व २१३ जण मरण पावले. उजवीकडचे वळण संपवून विमान सरळ झाले होते, पण कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज ते उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. तो भासणारा कल सुधारायला कॅप्टनने विमान डावीकडे झुकवले, आणि दर्शक हलेना म्हणून आणखी झुकवत नेले. जिव्हारी लागते ते हे की सहवैमानिकासमोर दुसरे आणि मध्यभागी तिसरे, राखीव कृत्रिम क्षितिज होते. फ्लाइट इंजिनिअरने शेवटच्या क्षणी सावध केले, पण तोवर वेळ निघून गेली होती.

म्हणूनच एका उपकरणावर कधी विसंबायचे नाही, हे शिकाऊ वैमानिकाच्या अंगी बाणवले जाते. तिन्ही क्षितिजे ताडून पाहायची. दोन जुळली, तर वेगळे दिसणारे तिसरे सोडून द्यायचे. सरावात प्रशिक्षक काही उपकरणे मुद्दाम झाकून उरलेल्यांवर उड्डाण करायला लावतात.

वेगमापकाची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे तिन्ही आकडे एकदम चुकू शकतात. समोरून येणारी हवा पिटो नळीत शिरते आणि तिच्या दाबावरून वेग काढला जातो. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या एअरबस ३३०च्या नळ्या हिमकणांनी तुंबल्या आणि ऑटोपायलट सुटला. वेगाचे आकडे मिनिटभरात ताळ्यावर आले, पण तोवर विमानाचे नाक वर खेचले गेले होते. विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल ढासळली, आणि २२८ जण दगावले. अशा वेळी करायचे काम साधे असते: नाकाचा ठरावीक कोन आणि इंजिनाची ठरावीक शक्ती धरून ठेवायची. वजन आणि उंचीप्रमाणे हे आकडे कॉकपिटमधल्या पुस्तिकेत दिलेले असतात.

रेडिओ बंद पडणे त्या मानाने सौम्य संकट, कारण विमान उडतच असते. आधी आवाजाचे बटण, हेडफोनची जोडणी आणि दुसरा संच तपासायचा, मग आधीची फ्रिक्वेन्सी लावून पाहायची. तरीही उत्तर आले नाही, तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा संकेत लावायचा. नियंत्रकाला रडारवर तो लगेच दिसतो. आपले ऐकू जात असेल या शक्यतेने वैमानिक पुढचा बेत बोलत राहतो. हवा स्वच्छ असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे. ढगांत असेल तर नियमांत ठरलेला अवधी शेवटचा मंजूर वेग आणि उंची राखून पुढे दाखल केलेल्या उड्डाण-आराखड्याप्रमाणे जायचे, म्हणजे नियंत्रकाला त्याचा मार्ग अचूक ताडता येतो आणि तो बाकीची विमाने दूर ठेवतो. विमानतळाजवळ टॉवरवरून दिव्याचे इशारे मिळतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालणे, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नये. इशारा समजल्याची पोच दिवसा पंख हलवून आणि रात्री लँडिंगचे दिवे दोनदा उघडझाप करून दिली जाते.