विश्लेषण : पॅराशूट उघडलेच नाही तर? स्कायडायव्हिंगबद्दलचे समज किती खरे, किती खोटे?

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या 2011 च्या चित्रपटात तीन मित्र स्पेनच्या आकाशात विमानातून उडी घेतात. त्यानंतर अनेक भारतीय तरुणांच्या ‘आयुष्यात एकदा तरी करायचेच’ या यादीत स्कायडायव्हिंग आले. 13 जुलै 2024 रोजी, जागतिक स्कायडायव्हिंग दिनी, केंद्रीय पर्यटनमंत्री गजेंद्रसिंह शेखावत यांनीही हरियाणातील नारनौल येथे प्रशिक्षकासोबत उडी घेतली. तरीही पहिल्यांदा उडी घेणाऱ्याच्या मनातले प्रश्न तेच राहतात. श्वास घेता येईल का? चक्कर आली तर? दोरी ओढायला विसरलो तर? हसतील म्हणून बरेच जण ते विचारतच नाहीत. प्रत्यक्षात यातले बहुतेक प्रश्न रास्त आहेत. गंमत अशी, की भीती जिथे वाटते आणि धोका जिथे असतो, त्या जागा वेगळ्या आहेत.

कामशेतला उडालो आहे, म्हणजे स्कायडायव्हिंग येते का?

नाही. कामशेतला होते ते पॅराग्लायडिंग. त्यात डोंगरउतारावर आधी छत्री फुगवली जाते आणि मग पाय जमिनीवरून सुटतात. गोव्यात किंवा तारकर्लीत बोटीला दोर बांधून वर नेतात, ते पॅरासेलिंग. स्कायडायव्हिंगमध्ये साधारण 10 ते 14 हजार फुटांवर विमानातून उडी घेतली जाते आणि त्या क्षणी पॅराशूट पाठीवरच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले असते. नवखा माणूस बहुधा ‘टँडम’ उडी घेतो. यात तो प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी जखडलेला असतो आणि पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर असते. त्यामुळे ‘दोरी ओढायला विसरलो तर’ हा प्रश्न टँडममध्ये उरतच नाही. ते काम प्रशिक्षकाचे असते.

पोटात गोळा येतो का? श्वास घेता येतो का?

आकाशपाळणा खाली येताना पोटात खड्डा पडतो, तसे इथे सहसा होत नाही. पाळण्यात वर जाणारे शरीर अचानक खाली येऊ लागते. विमानातून बाहेर पडणाऱ्याचे शरीर मात्र विमानाच्याच वेगाने आधीपासून पुढे जात असते. तो पुढचा वेग हळूहळू खालच्या वेगात बदलतो, त्यामुळे झटका जाणवत नाही. जमीन इतकी दूर असते, की ती अंगावर धावून येते आहे असेही वाटत नाही.

श्वासही घेता येतो. वारा तोंडावर जोराने आदळत असल्याने नवखा माणूस घाबरून श्वास रोखून धरतो आणि मग ‘श्वासच येईना’ असे सांगतो. त्यावर प्रशिक्षकांचा साधा उपाय असतो : ओरडा. ओरडायचे तर आधी श्वास सोडावा लागतो आणि पुढचा श्वास आपोआप आत येतो. कृत्रिम प्राणवायूची गरज फार उंचावरच्या उड्यांना लागते. अमेरिकेत 15 हजार फुटांच्या वरील उड्यांसाठी तो आवश्यक मानला जातो.

हवेत गप्पा मारता येतात का? किती वेळ पडत राहतो?

चित्रपटांत पात्रे पडता पडता लांबलचक संवाद म्हणतात. प्रत्यक्षात वाऱ्याच्या आवाजात शेजाऱ्याचा शब्दही कळत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या असतात. वेळही थोडाच मिळतो. पहिल्या दहा सेकंदांत माणूस साधारण 300 मीटर खाली येतो. तोवर हवेचा विरोध आणि वजन यांचा तोल साधला जातो आणि वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. त्यापुढे दर हजार फुटांना सुमारे साडेपाच सेकंद लागतात. म्हणजे 13 हजार फुटांवरून उडी घेऊन पाच हजारांवर पॅराशूट उघडले, तर मोकळे पडणे 45 ते 50 सेकंदांचे असते. टँडममध्ये दोघांच्या वजनामुळे वेग बराच वाढला असता. तो आवरण्यासाठी प्रशिक्षक सुरुवातीलाच एक छोटे पॅराशूट मागे सोडतो.

पॅराशूट उघडताच माणूस वर फेकला जातो का?

चित्रफितीत तसे दिसते, पण तो भास आहे. चित्रण करणारा त्याच वेगाने पडत राहतो आणि पॅराशूट उघडलेला एकदम मंदावतो. त्यामुळे कॅमेऱ्यातून पाहताना तो वर गेल्यासारखा वाटतो. आजची पॅराशूट उघडायला काही सेकंद घेतात. दोऱ्यांवर सरकणारा कापडाचा एक चौकोनी तुकडा छत्रीला एकदम फुलू देत नाही. त्यामुळे ओढ जाणवते, पण हात-पाय निखळतील असा हिसका सहसा बसत नाही.

मुख्य पॅराशूट उघडलेच नाही तर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि यंत्रणेतही सर्वाधिक विचार याचाच झालेला आहे. प्रत्येक पिशवीत दोन पॅराशूट असतात : मुख्य आणि राखीव. मुख्य पॅराशूट गुंतले, तर एक मूठ ओढून ते शरीरापासून सोडवले जाते आणि राखीव उघडले जाते. राखीव पॅराशूटची घडी कुणीही घालू शकत नाही. अमेरिकेत ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच असते आणि वापर झाला नसला तरी दर 180 दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा घडी घालावी लागते.

उडी घेणारा बेशुद्ध झाला तर? त्यासाठी पिशवीत एक छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण असते. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजते. ठरावीक उंचीच्या खालीही वेग कमी झाला नसेल, तर ते राखीव पॅराशूट स्वतः उघडते. एकट्याने उडी घेणाऱ्या अनुभवींसाठी ही उंची सुमारे 750 फूट असते, टँडममध्ये त्याहून बरीच जास्त. जर्मनीत तयार झालेले ‘सायप्रेस’ हे या प्रकारचे उपकरण 1991 मध्ये बाजारात आले आणि पुढे अशा उपकरणांचा वापर जगभर रूढ झाला.

मग अपघात होतात कशाने?

अमेरिकेच्या ‘युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन’च्या नोंदींनुसार 2023 मध्ये तेथे सुमारे 36.5 लाख उड्या झाल्या आणि त्यात 10 मृत्यू झाले. टँडममध्ये नवख्याच्या मृत्यूचे प्रमाण दहा वर्षांच्या सरासरीत पाच लाख उड्यांमागे एक असल्याचे ही संघटना सांगते. हे आकडे काटेकोर नियम पाळणाऱ्या देशातले आहेत, ते जसेच्या तसे इतरत्र लावता येणार नाहीत.

महत्त्वाची बाब पुढेच आहे. जीवघेण्या अपघातांपैकी मोठा वाटा पॅराशूट नीट उघडल्यानंतरच्या अपघातांचा असतो. वळण घेताना छत्री वेगाने खाली झेपावते. ते वळण जमिनीच्या फार जवळ घेतले, तर सावरायला उंचीच उरत नाही. यात अनुभवी माणसेही सापडतात. लहान आणि वेगवान छत्री निवडून जमिनीलगत झेप घेण्याचा मोह त्यांनाच होतो. टँडममधील नवख्यासाठीही जपण्याचा क्षण उतरण्याचाच. प्रशिक्षकाने सांगताच पाय वर उचलून धरले नाहीत, तर घोटा मुरगळतो किंवा पाय मोडतो. म्हणून उडीपूर्वीच्या सूचनांमधला हा भाग सेल्फीच्या नादात सोडू नये.

खाली पाणी असेल तर वाचता येते का?

नाही. ताशी 200 किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या शरीराला वाट द्यायला पाण्याला वेळच मिळत नाही. पॅराशूटशिवाय वाचलेल्यांची उदाहरणे सांगितली जातात, पण त्यातले तपशील गळतात. 1972 मध्ये 10,160 मीटरवरून कोसळूनही वाचलेल्या हवाईसुंदरी वेस्ना वुलोविच विमानाच्या तुटलेल्या भागात अडकलेल्या होत्या आणि तो भाग बर्फाळ, झाडीच्या उतारावर पडला होता. ल्यूक एकिन्स यांनी 2016 मध्ये 25 हजार फुटांवरून पॅराशूटविना उडी घेतली, ती खाली ताणलेल्या प्रचंड जाळ्यात. त्यांच्या पाठीशी 18 हजारांहून अधिक उड्यांचा अनुभव होता.

वय, चष्मा, साडी... कशाने अडते?

वयाने फारसे नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी 2014 मध्ये नव्वदाव्या वाढदिवशी टँडम उडी घेतली होती. बहुतेक ठिकाणी वयाची किमान आणि वजनाची कमाल मर्यादा मात्र असते. चष्म्यावर बसणारे मोठे गॉगल मिळतात. साडीचे म्हणाल, तर पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून 13 हजार फुटांवरून उडी घेतली. पण त्या कसलेल्या स्कायडायव्हर आहेत. नवख्याने अंगासरशी कपडे आणि घट्ट बांधलेले बूट घालणेच योग्य.

हृदयविकार, पाठीचे किंवा मानेचे दुखणे, गर्भावस्था, अपस्मार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. मालवणला किंवा गोव्यात स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर किमान 24 तास थांबणे बरे. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचावर कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो.

मग विचारायचे काय?

‘पॅराशूट उघडेल ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी सोबत येणाऱ्या प्रशिक्षकाकडे टँडमचा परवाना कोणाचा आहे, त्याच्या किती उड्या झाल्या, राखीव पॅराशूटची शेवटची तपासणी कधी झाली आणि स्वयंचलित उपकरण बसवलेले आहे का, हे विचारावे. विमान आणि उड्डाणाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आहे का, हेही पाहावे. सही करण्यापूर्वी जबाबदारी नाकारणारा कागद पूर्ण वाचावा. अनेक विमा पॉलिसींमधून साहसी खेळ वगळलेले असतात, हेही तपासावे.

आणि शेवटचा प्रश्न : वारा वाढला किंवा ढग आले तर पैशांचे काय? तारीख बदलून देणारा किंवा पैसे परत करणारा आयोजक खराब हवेत उडी रद्द करायला कचरत नाही. ‘आज उडी होणार नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्याकडेच पुढच्या वेळी जावे.