तारेखालचे दंतवल्क

बंगळूरच्या आग्नेयेकडील एचएसआर लेआउट या वस्तीला होसूर-सर्जापूर रस्त्याचे नाव मिळाले आहे. तेथील एखाद्या मराठी घरात मुलीच्या दातांना तारा बसवावयाचे ठरले, की आजी विचारतेच, “तारेने दात झिजणार तर नाही ना?” शंका रास्त आहे, मात्र दोष बहुधा तारेचा नसतो.

दाताचे वरचे कवच, म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने तो सुमारे ९६ टक्के खनिज असतो. परंतु तो घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते; गेलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही.

१९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दंतवल्क आम्लाने किंचित खरखरीत करून त्यावर राळ घट्ट चिकटविण्याची युक्ती दाखविली. त्यामुळे पुढे प्रत्येक दाताला धातूचे कडे घालण्याची गरज उरली नाही. छोटी ब्रॅकेटे थेट दातावर बसू लागली. पण ब्रॅकेटच्या कडेला अन्नकण अडकतात, कीट साचते, त्यातील जंतू साखरेचे आम्ल बनवितात आणि खनिज विरघळू लागते. चार आठवड्यांतही खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. तारा उतरल्यावर दात सरळ दिसतात खरे, पण ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरी चौकट! हौसेने आरसा पाहणाऱ्या मुलीची ती निराशा सहज टाळता आली असती.

चिनी मातीसारखी दिसणारी सिरॅमिक ब्रॅकेटे नजरेत भरत नाहीत. मात्र ती दंतवल्काहून कठीण असल्याने समोरचा दात त्यांवर घासून झिजतो, आणि ती काढताना क्वचित दंतवल्काचा टवकाही निघतो. पारदर्शक साचे जेवताना काढता येतात, ही मोठी सोय. पण साचा तोंडात ठेवूनच गोड कॉफी घेतली, तर ती दात आणि साच्यामध्ये कोंडून राहते व लाळेला तेथवर पोहोचता येत नाही.

आरंभीचे डाग फ्लोराइडयुक्त पेस्टने आणि नेटक्या घासण्याने बरेचसे फिके होतात. तेवढेही न झाल्यास दात पुरते सरळ होण्याआधीच तारा काढून टाकण्याची पाळी दंतवैद्यावर येते.