अपमान कोणाचा, यावर ठरणारा संताप

वंश, वर्ण किंवा जमात यांवरून मारलेला एखादा शेरा लोकांना किती लागतो, हे त्यातल्या शब्दांपेक्षा तो कोणी कोणाला मारला यावर जास्त अवलंबून असते. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' या कार्यक्रमात शिल्पा शेट्टीला उद्देशून वंशद्वेषी शेरेबाजी झाली. तेथील प्रसारण नियामकाकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या आणि भारतातही निदर्शने झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ भारतात खेळत होता. वडोदऱ्याच्या मैदानात प्रेक्षकांचा एक गट अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून माकडाचे आवाज काढत होता. तक्रार झाली तेव्हा हा गैरसमज असल्याचे सांगण्यात आले. १७ ऑक्टोबरला मुंबईत वानखेडेवर पुन्हा तेच घडले. माकडचाळे करणाऱ्या प्रेक्षकांची छायाचित्रे निघाली, तेव्हा कुठे पोलिसांनी काही जणांना ताब्यात घेतले. आपल्याकडे माकड म्हणणे ही वंशावरून शिवी नाही, असा बचाव तेव्हा मोठ्या हिरीरीने मांडला गेला.

जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजनसिंगने सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला आणि त्याच्यावर तीन कसोट्यांची बंदी आली. देशभर संताप उसळला. पुढे २९ जानेवारीला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी पुराव्याअभावी वंशद्वेषाचा आरोप रद्द केला आणि शिवीगाळीबद्दल अर्धे मानधन दंड म्हणून कापले. बंदीविरुद्धचा राग त्यामुळे अनाठायी म्हणता येत नाही. खुपते ते तीन महिन्यांपूर्वीचे मौन. वानखेडेवरच्या प्रकाराने जे संतापले नाहीत, तेच सिडनीच्या निकालाने पेटून उठले. २०२० मध्ये वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी म्हणाला की हैदराबादच्या आयपीएल संघात त्याला 'कालू' म्हणत आणि त्याचा अर्थ त्याला फार उशिरा कळला. त्यावर ते प्रेमाने म्हटले जात होते, असा खुलासा त्याला एका सहकाऱ्याने केला. सातच महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, सिडनीच्या प्रेक्षकांनी मोहम्मद सिराजला शेरे मारले, तेव्हा त्यामागच्या हेतूची चौकशी भारतात कोणी केली नाही. तशी गरजही नव्हती. पण हेतू पाहण्याची सवलत फक्त आपल्या माणसांना मिळते, ही दुटप्पीपणाची सर्वांत सहज दिसणारी खूण आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न क्रिकेटपेक्षा खूप जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत आणि डहाणूतही त्यांची संख्या निम्म्याहून बरीच जास्त आहे. सायवन, गंजाड, कासा, गडचिंचले ही सारी वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा अशा जमातींच्या वस्तीची गावे. इथला माणूस कामासाठी डहाणूला, वापीला किंवा मुंबईला जातो तेव्हा त्याला 'जंगली', 'अडाणी' हे शब्द ऐकावे लागतात. आणि त्याहूनही जास्त वेळा नुसते एकेरी संबोधन. कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या साठीच्या वारली बाईला विशीतला कारकून 'ए, कागद आणला का तू?' म्हणतो आणि रांगेतल्या कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. 'काय आदिवासीसारखा राहतोस' हे वाक्य शहरी मराठी घरांत मुलाला दटावण्यासाठी वापरले जाते. त्याच घराच्या भिंतीवर वारली चित्र असते. ती कला देशापुढे आणणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

शाळांच्या स्नेहसंमेलनात तर हा अपमान टाळ्या घेतो. 'आदिवासी नृत्य' म्हणून मुलांच्या तोंडाला काळे फासतात, कमरेला पाने आणि डोक्याला पिसे बांधतात, हातात पुठ्ठ्याचे भाले देतात आणि आरोळ्या ठोकायला लावतात. डहाणू-तलासरीत असा नाच कोणी नाचत नाही. वारल्यांच्या तारपा नाचात वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून बनवलेला तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. वाजवणारा वळला की सगळी साखळी वळते. त्याच्याकडे पाठ करायची नाही, असा रिवाज आहे. परदेशातल्या शाळेत मुलांनी तोंडे काळी करून भारतीयांची अशी नक्कल केली असती, तर त्याची बातमी इथे पहिल्या पानावर आली असती.

या वागण्याला जुना इतिहास आहे. मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाअखेरीस सरकारला दिलेल्या अहवालात वेठ, मारहाण आणि लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे 'लग्नगडी' यांची नोंद आहे. जमीनदार याला रीत म्हणत आणि वारली स्वभावानेच आळशी व दारुडा असल्याचे सांगत. पांढरपेशा समाजालाही ते पटत असे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीला नकार दिला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. वर्षानुवर्षांच्या चाबकाला कोणी हिंसा म्हटले नव्हते. वारली एकत्र जमले की मात्र दंगल ठरली.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार मारले. गुन्हा भीषण होता आणि त्याचा निषेध व्हायलाच हवा होता. परंतु काही दिवसांतच या हत्येला धर्माचा रंग देण्यात आला. पकडलेल्या १०१ जणांमध्ये एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुख यांना २२ एप्रिलला जाहीर करावे लागले. त्यानंतर आरोपाची बोटे अख्ख्या आदिवासी समाजाकडे वळली. मृत तीन असूनही चर्चा दोघांचीच झाली, वाहनचालक कोणाच्या लक्षात राहिला नाही. त्याच अफवांमुळे दोनच दिवस आधी कासा परिसरात मदतीला गेलेल्या एका डॉक्टरच्या वाहनावर जमावाने हल्ला केला होता. ती घटना वेळीच गांभीर्याने घेतली गेली असती, तर पुढचा अनर्थ टळण्याची शक्यता होती.

कायद्याने हा प्रश्न ओळखलेला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणे किंवा हेतुपुरस्सर अपमानित करणे हा गुन्हा आहे. संरक्षण एकाच बाजूला का, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि २०१६ च्या मराठा मोर्चांतही या कायद्याच्या गैरवापराची तक्रार पुढे आली होती. खोटी तक्रार होऊ शकते, हे मान्य करावे लागेल. मात्र ज्याच्या हाती जमीन, कचेरी आणि वर्तमानपत्र आहे त्याचा शेरा आणि ज्याच्या हाती यातले काहीच नाही त्याचा शेरा यांचे परिणाम सारखे नसतात. कायद्याने केलेला भेद या वस्तुस्थितीवर उभा आहे, म्हणून तो दुटप्पीपणा ठरत नाही.

अडचण अंमलबजावणीत येते. १९९४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात एका भिल्ल तरुणीला मारहाण करून गावातून विवस्त्र फिरवण्यात आले. कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना या कायद्याखालीही दोषी ठरवले, पण उच्च न्यायालयात तेवढा भाग टिकला नाही: जातीचा दाखला सादर झाला नव्हता आणि तपास ठरलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता. ५ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अतितांत्रिक कारणांवर बोट ठेवले आणि आदिवासींना मिळालेल्या वागणुकीला देशाच्या इतिहासातले लाजिरवाणे प्रकरण म्हटले.

असा निकाल वृत्तपत्रांत एक दिवस येतो आणि जातो. बातमी लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे यांत वारली, कातकरी, भिल्ल फार थोडे आहेत. शिल्पा शेट्टीचा अपमान यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा वाटू शकला, रांगेतल्या वारली बाईचा वाटत नाही. हे बदलायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनाची तयारी करणाऱ्या शिक्षकांनी काळा रंग आणि पिसे बाजूला ठेवावीत आणि डहाणू-तलासरीतला एखादा तारपा वाजवणारा सन्मानाने, मानधन देऊन शाळेत बोलवावा.