लहान मागणीचा हिशोब

वाढदिवसाच्या केकची चाल आता खेड्यांतही रुळली आहे. बीड जिल्ह्यातील नारायणगडासारख्या गावी घरगुती केक करणाऱ्या भगिनींकडे मागणी येते ती बहुधा अर्ध्या किलोची. परंतु अर्ध्या किलोसाठीही ओव्हन तापवावाच लागतो आणि भांडी तेवढीच घासावी लागतात. म्हणून किलोच्या निम्मा दर घेतल्यास तोटा ठरलेला. सामानात इंधन, खोका व स्वतःची मजुरी मिळवूनच दर सांगावा. शक्य तेव्हा दोन-तीन मागण्या एकाच दिवशी भाजाव्यात.

माळकरी घरांत अंडे चालत नाही. ते आधीच विचारावे. मागणी वहीत नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, कारण नाव घातलेला केक दुसऱ्यास विकता येत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी अवश्य करावी.

कार्यकर्त्यांनी हा हिशोब बचत गटात फळ्यावर मांडून दाखवावा.