कोब्राची नक्कल, विमा मात्र अस्सल हवा

कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा रेसर. १९५९ साली त्यानं ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण पुढच्याच वर्षी हृदयाच्या दुखण्यामुळं त्याला रेसिंग सोडावं लागलं. मग इंग्लंडच्या एसी कार्स या छोट्या कंपनीची हलकीफुलकी ‘एस’ गाडी घेऊन तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवायचं त्याच्या डोक्यात आलं आणि १९६२ मध्ये शेल्बी कोब्रा रस्त्यावर आली. साठच्या दशकात अशा हजारेक गाड्या झाल्या असतील, त्याहून फार नाहीत. त्यातली पहिली, सीएसएक्स २००० या क्रमांकाची, २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. साहजिकच आज अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी एखादी कोब्रा गुरगुरत शेजारून गेली, तर ती शेल्बीच्या हातची नसून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जुळवलेली असणार, हे जवळपास ठरलेलं.

या गाड्यांचा तिथं मोठा संसार आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम गावची फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ही कंपनी १९९५ पासून कोब्राच्या घाटाचे किट विकते. लोखंडी नळ्यांची चॅसी, फायबरची बॉडी आणि खोकी भरभरून सुटे भाग घरी येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स आपण आणायचे. सुरुवातीच्या काळात बरेच लोक एखादी जुनी मस्टँग विकत घेऊन तिचं इंजिन, ॲक्सल, स्टिअरिंग काढून घेत. शनिवार-रविवारच्या सुट्या खर्ची घालून वर्ष-दोन वर्षांत गाडी उभी राहते. बांधणाऱ्याला तिचा बोल्ट न् बोल्ट ओळखीचा असतो. ज्याला ती अजिबात ओळखता येत नाही, तो म्हणजे विमा कंपनीचा संगणक.

विम्याच्या अर्जात पहिले तीन रकाने असतात ते कंपनी, मॉडेल आणि सालाचे. किट कारला या तिन्ही प्रश्नांचं सरळ उत्तर नाही. तिला चॅसी क्रमांक बहुधा राज्य सरकारचं परिवहन खातं देतं. नोंदणीच्या कागदावर एका राज्यात गाडी जुळवली ते साल पडतं, तर दुसऱ्या राज्यात ती ज्या गाडीसारखी दिसते तिचं, म्हणजे १९६५. आता फोनवरच्या एजंटनं घाईत ‘शेल्बी कोब्रा, १९६५’ असं निवडलं तर यंत्राला लाखो डॉलरची गाडी दिसते. मग एक तर नकार येतो, नाहीतर हप्ता ऐकूनच माणूस फोन ठेवतो. ‘फोर्ड मस्टँग, १९९०’ निवडलं तर हप्ता एकदम स्वस्त होतो, पण विमा उतरतो तो एका भंगारातल्या गाडीचा. दोन्ही कागद खोटे. दुसरा जास्त घातक, कारण तो स्वस्त असल्यामुळं कुणी उलटून वाचत नाही.

म्हणून या गाडीचा विमा घेताना हप्त्याआधी किंमत ठरवायची. अमेरिकेत किंमत धरण्याच्या तीन पद्धती आहेत आणि सगळी गोम त्यांच्यात आहे. पहिली ‘ॲक्चुअल कॅश व्हॅल्यू’. रोजच्या वापरातल्या गाड्यांना हीच लागू होते. अपघाताच्या दिवशी घसारा वजा जाता गाडीचा बाजारभाव काय, तेवढे पैसे मिळतात. टोयोटा कॅमरीचा भाव कुणीही सांगेल, पण तुमच्या गॅरेजात जन्मलेल्या, जगात एकच असलेल्या गाडीचा भाव सर्व्हेअर ठरवणार कशावरून?

दुसरी ‘स्टेटेड व्हॅल्यू’, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक फसतात ते हिच्यात. मालक सांगतो, गाडी साठ हजार डॉलरची आहे. कंपनी साठ हजार लिहून घेते, त्यावर हप्ता लावते, मालक निश्चिंत होतो. पॉलिसीच्या आतल्या पानावर मात्र असं असतं की सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्ष बाजारभाव यांतली जी कमी असेल ती दिली जाईल. गाडी जळून खाक झाली आणि सर्व्हेअरनं अडतीस हजार काढले, तर हातात अडतीसच पडतात, तेही डिडक्टिबल (मालकानं स्वतः सोसायची ठरलेली रक्कम) कापून. साठ हजाराचा आकडा ही फक्त वरची मर्यादा होती, हे मालकाला तेव्हा कळतं. यात बेकायदा काही नाही. पण विकणाऱ्यानं हे तोंडानं सांगितलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं, कारण साठ हजार लिहून दिलेला माणूस साठच मिळतील असं समजून चालतो आणि त्यात त्याची चूक नाही.

तिसरी पद्धत ‘ॲग्रीड व्हॅल्यू’. आधीच दोघांनी मिळून किंमत ठरवायची, ती पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहायची आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढी रक्कम द्यायची, घासाघीस नाही. हौशी गाड्यांचा विमा करणाऱ्या खास कंपन्या हीच पद्धत वापरतात. त्यांतली मिशिगनची हॅगर्टी ही कंपनी १९८४ मध्ये लाकडी बोटींच्या विम्यापासून सुरू झाली होती, म्हणजे ज्यांचा भाव पुस्तकात सापडत नाही अशा वस्तूंपासूनच. किट कारच्या मालकानं ‘ॲग्रीड’ हा शब्द पॉलिसीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. एजंटनं फोनवर दिलेला भरवसा पुरेसा नाही.

ही किंमत ठरते कागदांवरून. किटची पावती, इंजिनचं बिल, रंगाचं बिल, बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो, शक्य असेल तर स्वतंत्र मूल्यमापकाचा अहवाल. इथं एक गोष्ट मनाला लागते, पण समजून घ्यावी लागते: स्वतःच्या हातांनी केलेल्या शेकडो तासांच्या कामाची पावती नसते. शिवाय जेवढा खर्च झाला तेवढ्याला गाडी विकली जाईलच असंही नाही. उत्तम जुळणीची गाडी खर्चाहून वर जाते, ढिसाळ जुळणीची निम्म्यावर येते. मूल्यमापक गाडीखाली शिरून वायरिंग कसं बांधलंय, वेल्डिंग कसं आहे, दारांच्या फटी सारख्या आहेत का, हे पाहतो ते त्यासाठी. आणि एकदा ठरलेली किंमत तशीच दहा वर्षं ठेवायची नाही. मध्ये नवं इंजिन बसवलं, गाडी पुन्हा रंगवली आणि कंपनीला कळवलंच नाही, तर तो खर्च विम्याच्या बाहेर राहतो.

आता खरं सांगण्याचा मुद्दा. विमा हा परस्पर सद्भावाचा करार आहे, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानं १७६६ मध्ये सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्यावरून झालेल्या खटल्यात मांडलं. किल्ला फ्रेंचांनी घेतला होता आणि विमा उतरवणारा म्हणत होता की गव्हर्नरनं माहिती लपवली. निकाल गव्हर्नरच्या बाजूनं गेला, पण सद्भावाची ती कसोटी इंग्लंडच्या आणि पुढं आपल्याही विमा कायद्यात रुजली. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्यानं ग्राहकाचं ओझं थोडं हलकं केलं. आता ग्राहकानं मनानं सगळं ओळखून सांगायची गरज नाही; विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरं उत्तर द्यायचं. उत्तर निष्काळजीपणानं चुकलं आणि खरं कळल्यावर कंपनीनं जास्त हप्ता घेतला असता असं निघालं, तर दावा त्या प्रमाणात कापला जातो. सहाशे पौंडांऐवजी चारशे भरले असतील, तर तीस हजारांच्या नुकसानीचे वीस हजार मिळतात. मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर काहीच नाही.

किट कारच्या बाबतीत अडचण अशी की इंटरनेटवरचा तयार अर्ज योग्य प्रश्न विचारतच नाही. गाडी कुणी जुळवली? इंजिन कोणत्या गाडीतलं, किती सीसीचं, किती हॉर्सपॉवरचं? ब्रेक कुठले? रोल बार आहे का? या प्रश्नांना तिथं रकानाच नसतो. ब्रिटनमध्ये तर अशा गाडीला रस्त्यावर येण्याआधी इंडिव्हिज्युअल व्हेइकल ॲप्रूव्हल ही तपासणी पार करावी लागते आणि जिच्या भागांचं वय किंवा मूळ नक्की सांगता येत नाही तिला क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळतो. क्यू नंबर म्हटलं की सर्वसाधारण कंपन्या मागं सरतात. म्हणून तिथले जाणते लोक किट कारचा विमा करणाऱ्या ब्रोकरला फोन करतात. तो हे प्रश्न स्वतःहून विचारतो, उत्तरं लेखी नोंदवतो आणि ‘रेप्लिका’ हा शब्द पॉलिसीत घालतो.

ब्रोकर म्हटलं की महाग, असा समज असतो. इथं बहुतेकदा उलटं घडतं. चारशे हॉर्सपॉवरची, छप्पर नसलेली गाडी सर्वसाधारण कंपनीला धोक्याची वाटते. खास कंपनीला ठाऊक असतं की ही गाडी वर्षातून थोडीच बाहेर पडते, पाऊस दिसला की घरी येते, रात्री कुलूपबंद गॅरेजमध्ये झोपते आणि चालवणाऱ्यानं ती स्वतः बांधलेली असल्यामुळं तिला ओरखडाही पडू देत नाही. त्यामुळं हप्ता कमी. पण या कमी हप्त्याच्या अटी असतात आणि त्या खऱ्या असतात: घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी हवी, वर्षाला ठरावीक मैलांच्या वर जायचं नाही, ऑफिसला न्यायची नाही, रेसट्रॅकवर उतरवायची नाही. ज्याला कोब्रा रोज कामावर न्यायचीय त्यानं ही पॉलिसी घेऊ नये. ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणी ठोकली, तर दाव्याच्या पहिल्याच पानावर अपघाताची जागा लिहावी लागते.

काटकसर कुठं करू नये, हेही सांगतो. कॅलिफोर्नियात दुसऱ्याच्या दुखापतीसाठी आणि मालमत्तेसाठी कायद्यानं लागणारा किमान विमा वर्षानुवर्षं अगदी तुटपुंजा होता. २०२५ च्या जानेवारीपासून तो एका व्यक्तीच्या दुखापतीला ३० हजार, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ६० हजार आणि मालमत्तेला १५ हजार डॉलर इतका झाला. अमेरिकेतल्या हॉस्पिटलची बिलं पाहिली असतील त्यांना कळेल की हेही फार नाही. माणूस स्वतःच्या गाडीच्या किमतीवर चार आठवडे विचार करतो आणि समोरच्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेवर चार मिनिटं. हे मला पटत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही, आणि पाय जरा जास्त पडला की मागची चाकं सुटतात, अशा गाडीनं रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याला पुरेसा पैसा मिळायला हवा. ही मर्यादा वाढवायला हप्त्यात पडणारी भर त्या मानानं कमी असते.

आणखी एक दुर्लक्षित काळ म्हणजे गाडी अर्धवट असतानाचा. किट, इंजिन, चाकं असा सगळा ऐवज गॅरेजमध्ये पडलेला, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, पेट्रोल, थिनर जवळच. घराच्या विम्यात मोटारी आणि त्यांचे भाग बहुधा वगळलेले असतात, आणि वाहनाचा विमा म्हणावा तर वाहन अजून झालेलंच नाही. या मधल्या काळासाठी वेगळी पॉलिसी मिळते. तिच्यात भागांच्या खरेदीबरोबर रक्कम वाढवत न्यायची. खोकी दारात येण्याच्या आधीच ती घ्यावी.

आपल्याकडं हा शौक नाही असं कुणी समजू नये. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धर्तीची, फायबर बॉडीची रोडस्टर बनवली; तिच्यात १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं. मात्र घरच्या घरी गाडी जुळवून ती आरटीओत नोंदवणं आपल्याकडं जवळजवळ अशक्य. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार उत्पादकाला नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून इथं नक्कल होते ती जुन्या आरसीवर. हरियाणातलं मंडी डबवाली उघड्या जीपसाठी प्रसिद्ध आहे: आरसीबुकात एक गाडी आणि दारात दुसरीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. अशा जीपचा अपघात झाला की स्वतःच्या नुकसानीचा दावा सर्व्हेअरच्या पहिल्या फोटोतच अडकतो. समोरच्या जखमी माणसाला न्यायालयं पुष्कळदा कंपनीकडून भरपाई देववतात, पण तीच रक्कम नंतर मालकाकडून वसूल करायची मुभाही कंपनीला देतात.

ज्यांच्याकडं चिंकारासारखी रीतसर नोंदलेली, पण आता बाजारात भाव नसलेली गाडी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडं गाडीचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, उत्पादक कंपनीच्या विक्रीकिमतीतून घसारा वजा करून काढतात. पाचव्या वर्षापर्यंत तो निम्म्यावर येतो. पण पाच वर्षांवरच्या किंवा उत्पादन बंद झालेल्या गाडीचा आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरवायचा, असा नियम आहे. ऑनलाइन नूतनीकरणात यंत्र स्वतःच एक आकडा टाकतं आणि आपण पुढं जातो. त्याऐवजी कंपनीच्या शाखेत जाऊन गाडी दाखवावी, बिलं आणि फोटो जोडून किंमत मागावी आणि ठरलेला आकडा पॉलिसीत छापून आल्याशिवाय हप्ता भरू नये.