आगगाडीतली 'आग' कुठे गेली?

आपटा स्टेशन तुम्ही पाहिलंय. पनवेलहून रोह्याकडे कधी गेला नसाल, तरी पाहिलंय! 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट आठवा. सुटलेली ट्रेन, दारातून पुढे आलेला राजचा हात आणि प्लॅटफॉर्मवरून धावत सुटलेली सिमरन. सिनेमात ते पंजाबातलं स्टेशन आहे. प्रत्यक्षात ते आपलं आपटा, पाताळगंगेच्या काठचं, पनवेल तालुक्यातलं. तिथे रील काढायला जाऊन आलेलं कुणीतरी तुमच्या ग्रुपमध्येही असेलच.

आता याच गोष्टीतला एक योगायोग बघा. हा सिनेमा लागला २० ऑक्टोबर १९९५ ला. त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, ६ डिसेंबर १९९५ ला, खऱ्याखुऱ्या पंजाबात जालंधर-फिरोजपूर मार्गावर वाफेच्या इंजिनाची एक गाडी धावली. भारतात ब्रॉडगेजवर वाफेवर धावलेली ती शेवटची नियमित गाडी. म्हणजे अख्खा देश पडद्यावरच्या 'पंजाबातली' ट्रेन डोळे भरून बघत होता, तेव्हा तिकडे एक जमाना गुपचूप संपत होता. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला प्रवास १६ एप्रिल १८५३ चा. साहिब, सिंध आणि सुलतान ही तेव्हाची तीन इंजिनं. तिथपासून मोजलं तर १४२ वर्षं!

गंमत म्हणजे वाफ गेली, पण आपल्या डोक्यातून गेली नाही. आपण अजून 'आगगाडी' म्हणतो. आजी तर 'अगीनगाडी' म्हणते. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी तुम्ही जी चिन्हं पाठ केलीत, त्यात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगच्या चिन्हावर धुराड्याचं इंजिनच आहे. फोनवर ट्रेनचा इमोजी शोधा, त्यातही धूर सोडणारं इंजिन सापडेल. दिसायला भारी म्हणून ते टिकलंय. पण ते चालवायचं कोण, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

तीन माणसं आणि एक भट्टी

ब्रॉडगेजच्या मोठ्या इंजिनात साधारण तिघं असायचे. एक ड्रायव्हर आणि दोन फायरमन. फायरमनचं काम म्हणजे फावड्याने कोळसा भट्टीत टाकत राहायचं. नुसता ढीग ओतून चालत नाही. तो भट्टीत सगळीकडे सारखा पसरावा लागतो, नाहीतर आग एका बाजूला मरते आणि वाफेचा दाब उतरतो. पुढे चढ आहे का, गाडी कुठे थांबणार, किती डबे आहेत, हे बघून आधीच आग वाढवायची किंवा आवरायची. समोर भट्टीची धग, मागून वारा, डोळ्यांत कोळशाची कणी. आणि हे सगळं हलत्या गाडीत, उभ्याने.

शिवाय गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी इंजिन पेटवावं लागायचं. वाटेत पाणी भरायचं, शेडमध्ये परतल्यावर राख काढायची, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. एवढं करूनही कोळशातल्या ऊर्जेपैकी दहा टक्केसुद्धा गाडी ओढायला मिळत नसे. बाकीची उष्णता धुराड्यातून आकाशात. डिझेल आणि वीज जिंकली ती इथे. त्यामुळे 'ते सोनेरी दिवस' असं म्हणताना जरा थांबा. प्लॅटफॉर्मवरून ते दिवस सोनेरी दिसत होते. इंजिनात ते काळेकुट्ट होते.

नेरळची जर्मन इंजिनं

वाफेची आपल्या घराजवळची गोष्ट हवी असेल, तर ती याच रायगड जिल्ह्यात, नेरळला आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची इंजिनं चक्क जर्मन होती, ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट आणि घाटात वळणंच वळणं. म्हणून या इंजिनांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे बाजूला सरकतील अशी रचना केलेली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती डोंगर चढत होती. मग डिझेल आलं. त्यातलं एक इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

मग खुद्द जर्मनीत काय झालं? पश्चिम जर्मनीच्या सरकारी रेल्वेने २६ ऑक्टोबर १९७७ ला वाफेची नियमित सेवा संपवली. एवढंच नाही, तर आपल्या रुळांवर वाफेच्या इंजिनांना चक्क बंदीच घातली! १९८५ मध्ये जर्मन रेल्वेला दीडशे वर्षं झाली, तेव्हा कुठे ती उठली. पूर्व जर्मनीत मुख्य मार्गांवरची वाफ १९८८ पर्यंत टिकली. आणि तिथल्याच हार्त्स डोंगरात नॅरोगेजवर वाफेची गाडी आजही वेळापत्रकाप्रमाणे धावते. म्हणजे तिथे इंजिन जपलं आणि ते चालवण्याची विद्याही. काचेआडच्या इंजिनाला पाटी लावता येते. आग कशी राखायची हे मात्र पाटीवर लिहून कळत नाही.

विदर्भातल्या मित्रांना 'शकुंतला' माहीत असेल. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची नॅरोगेज गाडी. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन सत्तर वर्षांहून जास्त राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. पुढे डिझेल आलं, आणि आता ती गाडीही बंद आहे.

मग फायरमन कुठे गेला?

तुमच्यापैकी कितीजण रेल्वेच्या एएलपी, म्हणजे असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करताय? तर ऐका. ज्या जागेसाठी तुम्ही रात्री जागताय, ती मुळात फायरमनची जागा आहे. वाफ गेली, फायरमनचा डिझेल असिस्टंट झाला, इलेक्ट्रिक असिस्टंट झाला आणि मग आजचं नाव आलं. पण हिशेब नीट बघा. वाफेच्या इंजिनात तिघं होते, डिझेलमध्ये दोघं उरले. फावडं गेलं, तशी एक जागाही गेली.

तरी या शेवटात एक गोष्ट बरी होती. ती म्हणजे वेळ. चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये बनवलं, त्याचं नावच 'अंतिम सितारा'. आणि शेवटची गाडी धावली १९९५ ला. मध्ये पंचवीस वर्षं! १९७० मध्ये विशीत नोकरीला लागलेल्या फायरमनला पुढे काय येणार हे दिसत होतं. नवं शिकायला, बदली घ्यायला किंवा पोराला दुसऱ्या वाटेने पाठवायला त्याच्या हातात काही वर्षं होती. काम संपणं वेगळं आणि एका सोमवारी सकाळी मेल येऊन काम संपणं वेगळं. एआयच्या बातम्या वाचून आपल्याला जी धडकी भरते, ती नव्या मशीनची कमी आणि न मिळणाऱ्या वेळेची जास्त असते. तेव्हा प्लेसमेंटला आलेल्या कंपनीला पॅकेज विचाराल, तेव्हा हेही विचारा: काम बदललं तर नवं शिकवणार कोण, आणि किती वेळ देणार?

आता पाळी डिझेलची आहे. १९९५ मध्ये आपटा मार्ग डिझेलचा होता. आज त्याच रुळांवर विजेच्या तारा आहेत आणि पुढे कोकण रेल्वेचं विद्युतीकरणही २०२२ मध्ये पूर्ण झालं. डिझेलच्या शेडमध्ये घडलेले हात आजही कामावर आहेत, तुमच्या बिल्डिंगमध्ये, वाडीत, कदाचित तुमच्याच घरात. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा एखादा काका भेटला, तर फोनचा रेकॉर्डर सुरू करा आणि त्यांना बोलू द्या. वाफेच्या फायरमनचे असे आवाज आपल्याकडे फार थोडे उरलेत. डिझेलचे अजून हाताशी आहेत.