नोट तिरकी धरा, मग बघा



माझी थोरली बहीण रोहा तालुक्यात खांबला दिलेली आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरचं गाव. आपल्याकडं ऊस तसं तिकडं भात. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो तर दाजींचं तोंड उतरलेलं. आदल्या आठवड्यात त्यांनी दोन शेळ्या विकल्या होत्या. संध्याकाळची वेळ, घेणारा घाईत, नोटा पाचशेच्या. दुसऱ्या दिवशी बँकेत भरायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसानं त्यातली एक नोट बाजूला काढली, तिच्यावर शिक्का मारला आणि दाजींच्या हातात एक पावती दिली. पैसे नाहीत आणि नोटही परत नाही.

"मी काय चोर आहे का?" दाजी मला विचारत होते. आक्का म्हणाली, "अरे, मी स्वतः दिव्यासमोर धरून बघितली होती. गांधीबाबा दिसत होता की!"

आक्काच्या या वाक्यावरूनच हा लेख लिहायचं मनात आलं. कारण आपण सगळेच नोट दिव्याला धरतो, गांधी दिसला की खिशात घालतो. तेवढं पुरत नाही.

आधी हे समजून घेऊ की बनावट करणारा काय करतो. त्याच्याकडं स्कॅनर आणि रंगीत छपाईचं यंत्र असतं. हे यंत्र कागदाकडं एकाच जागेवरून, एकाच उजेडात बघतं. समोर जे दिसलं ते हुबेहूब उतरवतं. पण कागद हलवल्यावर काय होतं, उजेड मागून आल्यावर काय होतं, हे त्याला कळत नाही. म्हणून खऱ्या कागदपत्रांत मुद्दाम अशा खुणा घालतात की ज्या कागद हलवल्यावर बदलतात. माणूस मान वाकडी करून बघू शकतो, यंत्राला ते जमत नाही.

जलचिन्हाचं घ्या. खऱ्या नोटेत गांधीजींचं ते चित्र शाईनं छापलेलं नसतं. कागदाचा लगदा ओला असतानाच जाळीवर तो कुठं जाड, कुठं पातळ बसवतात. पातळ जागेतून उजेड जास्त येतो, जाड जागेतून कमी, आणि त्यातून चेहरा उमटतो. बनावट नोटेत तो फिक्या शाईनं काढलेला असतो. तेव्हा उलट परीक्षा करावी. नोट टेबलावर पालथी ठेवा, मागे उजेड नसू द्या. तरीही चेहरा ठळक दिसत असेल तर संशय घ्या. आक्कानं दिव्याला धरून बघितली, खाली ठेवून बघितली नाही.

आता सगळ्यात उपयोगाची खूण म्हणजे धागा. पाचशेच्या नोटेतला धागा सरळ बघितला तर हिरवा दिसतो, नोट तिरकी केली की निळा होतो. दोनशेच्या आणि जांभळट शंभराच्या नोटेतही तसंच. हा रंग बदलतो कसा? गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरची रांग लागते, कुठंतरी डिझेल सांडतं, आणि अवकाळी पाऊस झाला की डबक्यावर निळे-हिरवे पट्टे दिसतात. आपण पाऊल सरकवलं की पट्टेही सरकतात. डिझेलला स्वतःचा तो रंग नसतो. अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परत आलेला उजेड एकमेकांत मिसळतो, काही रंग वाढतात, काही मरतात. बघायचा कोन बदलला की उजेडाची थरातली वाट बदलते आणि रंगही बदलतो. धाग्यावर असाच थर ठरावीक जाडीचा बसवलेला असतो. साध्या हिरव्या शाईला हे येत नाही, ती कशीही फिरवली तरी हिरवीच.

दाजींच्या नोटेचा धागा बदलत होता का, हे कोणीच पाहिलं नव्हतं. नोट बँकेत गेली, आता कळणारही नाही.

आणखी दोन गोष्टी चालता चालता बघता येतात. नोट डोळ्याच्या पातळीवर आडवी धरली की एका पट्ट्यात लपलेला ५०० आकडा दिसतो. उठावाच्या छपाईतल्या रेघा दोन दिशांना काढलेल्या असतात, तिरक्या नजरेला त्या वेगळ्या होतात. आणि दोन्ही बाजूंचं अर्धंमुर्धं छापलेलं चिन्ह उजेडात धरल्यावर जुळून पूर्ण आकडा झाला पाहिजे. ज्यांची नजर आता तेवढी राहिली नाही त्यांनी अंगठा वापरावा. पाचशेच्या नोटेला दोन्ही कडांवर पाच-पाच तिरक्या उठावाच्या रेघा आहेत, दोनशे आणि शंभराला चार-चार. नोट फार मळली की त्या दबतात, हेही लक्षात असू द्या.

दुकानदाराकडच्या जांभळ्या दिव्याचंही तसंच. नोटेचा कागद त्याखाली मंद राहतो, नंबर आणि कागदातले तंतू चमकतात. बाजारातल्या साध्या पांढऱ्या कागदात चकाकीचं रसायन असतं, त्यामुळं तो सगळाच निळसर उजळतो. होलोग्राम मात्र आपल्या नोटेवर नसतो. तो बँकेच्या कार्डावर असतो. डेनिस गेबर या शास्त्रज्ञानं १९४७ साली त्याची कल्पना काढली आणि १९७१ साली त्यांना नोबेल मिळालं. २०१६ साली दोन हजाराच्या नोटेत चिप आहे अशी आवई उठली होती. तसलं काही नव्हतं, आणि ती नोट २०२३ मध्ये चलनातून मागेही घेतली गेली.

ही कामं आपल्या राज्यातच होतात. नाशिक रोडला १९२५ पासून तिकिटं आणि मुद्रांक, तर १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी हे विलायतेहून यायचं. पण नाशिकचं नाव घेतलं की तेलगी प्रकरण आठवतंच. खानापूरचा अब्दुल करीम तेलगी. १९९४ साली मुद्रांक विक्रीचा परवाना घेतला आणि पुढं छापखान्यानं मोडीत काढलेली यंत्रं मिळवून स्वतःच मुद्रांक छापू लागला. २००१ साली तो पकडला गेला, २०१७ साली कैदेत असतानाच मेला. त्याचे मोठे गिऱ्हाईक कोण? बँका, विमा कंपन्या, मोठमोठी कार्यालयं. म्हणजे अडाणी शेतकरी फसला असं म्हणायला जागा नाही. कागद खऱ्या यंत्रावरून निघाला तर डोळा काय ओळखणार? माझ्या मते नुसत्या कागदावरच्या खुणांवर विसंबायचे दिवस त्या प्रकरणानंच संपवले. पुढं फ्रँकिंग आलं, मग ऑनलाइन भरणा आला, ज्यात रकमेची नोंद सरकारी खात्यात तपासता येते.

सातबाऱ्याचंही तेच आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर सही-शिक्का लागत नाही. त्यावरचा चौकोनी कोड आणि पडताळणी क्रमांक हीच त्याची खूण. पण कोड छापलेला आहे म्हणजे उतारा खरा, असं नव्हे. कोडचंही चित्र कोणी चिकटवू शकतो. तो क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून समोर उघडलेला उतारा आणि हातातला कागद ताडून बघायचा, क्षेत्र आणि नावं दोन्ही. कुणाला जामीन राहताना किंवा जमीन घेताना हे पाच मिनिटांचं काम गट सचिवावर सोडू नका, पोराला फोन काढायला सांगा.

उसाचं बिल आता थेट खात्यावर जातं, त्यामुळं तिथं ही भीती नाही. पण जनावरं, भाजी, कडबा, मजुरी यांचा व्यवहार रोखीचाच. बनावट नोट बँकेत निघाली तर बँक ती जप्त करते, पावती देते, मोबदला देत नाही. एका वेळी चारपर्यंत निघाल्या तर महिन्याच्या अहवालात पोलिसांकडं कळवतात. पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट फिर्याद होते. म्हणून पावती जपून ठेवावी. आणि खोटी आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा गुन्हा आहे, मग आपल्याला ती कशीही आलेली असो.

हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, बँकेनं घेतली तेच बरं झालं. माझ्या मनात ती किराणावाल्याकडं खपवायचं आलं होतं."

पाचशे रुपये गेले ते गेले. परतीच्या दिवशी गाडीभाड्यासाठी त्यांनी मला एक नोट दिली, आणि मी अंगणात उन्हात उभा राहून ती तिरकी करून बघितली. आक्का हसली. धागा निळा झाला.